घरी वाढवलेली रोपे भेट द्यायची आहेत: कोणाला कोणते द्यावे?

नवांकुर यांचा प्रश्न

नमस्कार. मनीप्लांट, स्नेक प्लांट, स्पायडर प्लांट, झीझी आणि पिलिया ही घरातली झाडे माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहेत आणि आता त्यांच्या कुंड्या इतक्या भरल्या आहेत की विभागणी केल्याशिवाय गत्यंतर नाही. येत्या काही महिन्यांत मला चार जणांना भेट द्यायची आहे. विकतची वस्तू देण्यापेक्षा याच झाडांपासून तयार केलेली रोपे द्यावीत असा विचार आहे. परंतु दिलेले रोप महिन्याभरात वाळले तर घेणाऱ्यालाच उगाच अपराधी वाटते, म्हणून निवड विचारपूर्वक करायची आहे.

पहिले माझे एक सहकारी. त्यांच्या टेबलाजवळ खिडकी नाही. दिवसभर छतावरच्या दिव्यांचाच उजेड असतो. दुसऱ्या घरात रांगणारे मूल आणि एक अत्यंत चौकस मांजर आहे. तिसरी माझी मैत्रीण, जी कामानिमित्त वरचेवर दोन-तीन आठवडे बाहेर असते. चौथे माझे मामा. ते निवृत्त आहेत, त्यांच्याकडे भरपूर उजेडाची खिडकी आहे, त्यांना फुलांची हौस आहे आणि झाडाला रोज पाणी घातल्याखेरीज त्यांना चैन पडत नाही.

कोणाला काय द्यावे, तयारी किती आधी सुरू करावी आणि सोबतच्या चिठ्ठीत काय लिहावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. ‘हे झाड हवा शुद्ध करते आणि रात्रीही प्राणवायू देते’ असे वाक्य लिहिण्याचा मोह होतो आहे. ते कितपत खरे आहे, तेही कळावे.

खिडकीतली बाग यांचा प्रतिसाद

आपण झाडांची यादी न देता माणसांची यादी दिलीत, हे फार बरे झाले. भेट दिलेली रोपे मरतात त्यामागे बहुधा दोनच कारणे असतात, अपुरा उजेड आणि जास्त पाणी. आणि ही दोन्ही घेणाऱ्याच्या घरावर आणि सवयीवर अवलंबून असतात, रोपाच्या किमतीवर किंवा देखणेपणावर नव्हे.

उजेडाच्या बाबतीत आपले डोळे आपल्याला फसवतात. बाहेरच्या भर उन्हात साधारण १,००,००० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) इतका प्रकाश असतो, ढगाळ दिवशीही तो १०,०००च्या आसपास असू शकतो, तर खोलीच्या मध्यभागी आपल्याला लख्ख वाटणारा उजेड कित्येकदा १०० ते ३०० लक्सच असतो. बाहुली मोठी करून डोळा हा फरक भरून काढतो; पानाला तशी सोय नाही. साधी परीक्षा अशी, की रोप ठेवायच्या जागी दिवसा कोऱ्या कागदावर हाताची सावली पाडून पाहावी. सावलीची कड स्पष्ट असेल तर उजेड चांगला आहे, पुसट असेल तर मध्यम आहे, आणि सावलीच पडत नसेल तर तिथे रोप फार तर तग धरेल, वाढणार नाही.

आपल्या सहकाऱ्यांची जागा या शेवटच्या प्रकारातली दिसते. तिथे झीझी द्यावे किंवा मनीप्लांट द्यावा. कार्यालयात टेबलावर सामान्यतः ३०० ते ५०० लक्स उजेड असतो आणि तो रोज आठ-दहा तास मिळाला तर ही दोन्ही झाडे टिकतात. पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा मनीप्लांट मात्र तिथे देऊ नये; पानाच्या फिकट भागात हरितद्रव्य नसते, त्यामुळे कमी उजेडात असे रोप अधिकच अडचणीत येते. आणि चिठ्ठीत हे अवश्य लिहावे की कमी उजेडातल्या झाडाला पाणीही कमीच लागते. खिडकीतल्या झीझीला लागते तेवढे पाणी टेबलावरच्या झीझीला दिले तर त्याचे कंद कुजतात. शक्य असेल तर त्यांना दोन लहान रोपे द्यावीत, म्हणजे एक घरच्या खिडकीत आणि एक टेबलावर ठेवून दर महिन्याला अदलाबदल करता येईल. हा उपाय कोणत्याही ‘कमी उजेडाच्या झाडा’पेक्षा खात्रीचा आहे, असे माझे मत आहे.

मैत्रिणीसाठी स्नेक प्लांट निःसंशय योग्य आहे. मूळचे पश्चिम आफ्रिकेतले हे झाड आपली पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) मुख्यत्वे रात्री उघडते, त्यामुळे दिवसाच्या उष्ण हवेत त्याचे पाणी फारसे उडून जात नाही, आणि जाड पानांतही साठा असतो. तीन आठवडे पाणी मिळाले नाही तरी त्याचे काही बिघडत नाही. तिच्यासाठी प्लॅस्टिकची किंवा चकचकीत लेप दिलेली कुंडी घ्यावी, कारण साध्या भाजलेल्या मातीच्या कुंडीच्या भिंतींतून ओलावा सतत बाहेर पडतो. मामांसाठी नेमके याच्या उलट करावे, बिनलेपाची मातीची कुंडी द्यावी.

मनीमाऊची आई यांचा प्रतिसाद

मी फक्त दुसऱ्या घराबद्दल लिहिते, कारण तिथली चूक महागात पडू शकते.

आपल्याकडच्या पाच झाडांपैकी मनीप्लांट आणि झीझी त्या घरासाठी बाद करावीत. दोन्हींच्या पानांत आणि देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. पान चावले की ते जीभ, हिरड्या आणि घसा यांत रुततात, आग होते, लाळ गळते, सूज येते. पीस लिली, डायफेनबाकिया, ॲग्लोनिमा, सिंगोनियम आणि फिलोडेंड्रॉन ही सगळी झाडे याच कारणासाठी टाळावीत. यांतून जिवावर बेतण्याची शक्यता कमी असते, कारण पहिल्या घासातच तोंड पोळते. पण रांगणाऱ्या मुलाच्या बाबतीत तेवढ्यावर विसंबून राहता येत नाही. स्नेक प्लांटमध्ये सॅपोनिन हे द्रव्य असते, ज्यामुळे मांजराला उलट्या आणि जुलाब होऊ शकतात, म्हणून तेही नको.

उरतात स्पायडर प्लांट आणि पिलिया. दोन्ही बिनविषारी आहेत. स्पायडर प्लांटच्या लोंबत्या पानांशी खेळायला मांजरांना अतिशय आवडते आणि ती पाने ती कुरतडतातही, त्यामुळे अधूनमधून एखादी उलटी होऊ शकते. बिनविषारी म्हणजे खाण्याजोगे असे समजू नये. टांगत्या कुंडीत दिल्यास झाड आणि मांजर दोघांचेही हाल वाचतील.

फुलांचा गुच्छ द्यायचा विचार पुढेमागे कोणाच्या मनात आला, तर एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. खऱ्या लिली आणि डे-लिली मांजरासाठी प्राणघातक असतात. पानाचा तुकडा, अंगाला लागून चाटले गेलेले परागकण, इतकेच काय फुलदाणीतले पाणीदेखील मांजराची मूत्रपिंडे काही दिवसांत निकामी करू शकते, आणि अशा वेळी लक्षणांची वाट न पाहता तत्काळ पशुवैद्याकडे जावे लागते. वर उल्लेख केलेली पीस लिली या कुळातली नाही. ती तोंड पोळवते, मूत्रपिंडांवर आघात करत नाही. सायकस अर्थात सॅगो पाम हेही पाळीव प्राणी असलेल्या घरी कधीच देऊ नये. त्याचा प्रत्येक भाग विषारी असतो, बिया सर्वाधिक, आणि त्याने यकृत निकामी होऊ शकते.

आणखी एक, जे सहसा कोणी सांगत नाही. लहान मूल असलेल्या घरी द्यायच्या कुंडीत मातीवर शोभेचे खडे पसरू नयेत. मूल झाडाच्या आधी खडे तोंडात घालते.

माळीबुवा यांचा प्रतिसाद

निवडीबद्दल वर उत्तम लिहिले गेले आहे. मी रोपे तयार करण्याकडे वळतो, कारण इथे प्रत्येक झाडाची रीत आणि गती वेगळी आहे आणि ‘काही महिने’ हा अवधी मनीप्लांटला पुरून उरेल, झीझीच्या पानाला मात्र अपुरा पडेल.

स्पायडर प्लांट सर्वांत सोपा. लांब दांड्यांच्या टोकाला येणाऱ्या पिल्लांना बहुधा मुळांचे अंकुर आधीच असतात. पिल्लू दांडीपासून न तोडता शेजारच्या लहान कुंडीतल्या मातीवर टेकवून ठेवावे आणि ते रुजल्यावरच दांडी कापावी, म्हणजे त्या काळात आईकडून त्याला पोषण मिळत राहते.

मनीप्लांटचे कलम घेताना प्रत्येक तुकड्यावर किमान एक पेर असलेच पाहिजे. नवे मूळ आणि नवा फुटवा पेरापाशीच येतो, नुसत्या देठाला कितीही दिवस पाण्यात ठेवले तरी वेल होत नाही. पाण्यात मुळे साधारण तीन ते पाच सेंटिमीटर झाली की लगेच मातीत लावावे. पाण्यातली मुळे मातीतल्या मुळांपेक्षा नाजूक असतात आणि ती जितकी लांब वाढतील तितके स्थलांतर कठीण होते. एका कुंडीत एकच कलम लावले तर वेल केविलवाणी दिसते, म्हणून चार-पाच कलमे एकत्र लावावीत.

स्नेक प्लांटच्या बाबतीत एक गंमत आहे. आपल्या झाडाच्या पानांना पिवळ्या कडा असतील आणि आपण पानाचे तुकडे करून रोपे केलीत, तर येणारी नवी रोपे साधी हिरवी निघतात. पिवळी कड आणि हिरवा गाभा या अशा पानात दोन वेगळ्या प्रकारच्या पेशी असतात, आणि तुकड्यातून नवा कोंब फुटताना ती रचना टिकत नाही. कड हवी असेल तर जमिनीखालच्या खोडासह फुटवा वेगळा करावा. पानापासून रोप करायला महिनोनमहिने लागतात, विभागणीने मात्र त्याच दिवशी तयार रोप हाती येते. झीझीलाही हेच लागू आहे. त्याच्या एकेका पर्णिकेपासून कंद तयार होतो खरा, पण भेट देण्याजोगे झाड व्हायला वर्षाहून अधिक काळ जाऊ शकतो. म्हणून विभागणीच करावी.

पिलिया मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण भेट म्हणून दिल्या जाणाऱ्या झाडांत तिच्याइतका समर्पक इतिहास दुसऱ्या झाडाचा मला माहीत नाही. हे मूळचे चीनच्या नैर्ऋत्य भागातले झाड. आगनार एस्पेग्रेन नावाच्या नॉर्वेच्या मिशनऱ्यांनी १९४०च्या दशकात ते चीनमधून मायदेशी नेले आणि भेटेल त्याला त्याची पिल्ले वाटली. घेणाऱ्यांनी पुढे आपल्या ओळखीच्यांना दिली, आणि अशा रीतीने कोणत्याही रोपवाटिकेच्या मदतीशिवाय हे झाड प्रथम स्कँडिनेव्हियात आणि नंतर ब्रिटनमध्ये घरोघरी पोचले. खिडक्यांत सर्रास दिसणाऱ्या या झाडाची ओळख पटवताना तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ बरीच वर्षे बुचकळ्यात पडले होते, आणि त्याच्या प्रवासाचा उलगडा व्हायला १९८०चे दशक उजाडावे लागले. मुळांपाशी येणारे पिल्लू चार-पाच पानांचे झाले की धारदार सुरीने थोड्या मुळांसह वेगळे करावे.

माती सर्वांना भुसभुशीत हवी. कोकोपीट, गांडूळखत आणि पर्लाइट किंवा जाडसर वाळू असे मिश्रण चालते. स्नेक प्लांट आणि झीझीसाठी वाळूचा भाग वाढवावा. कुंडीला तळाशी छिद्र असलेच पाहिजे. छिद्र नसलेल्या कुंडीत तळाशी खडे भरून निचरा होतो हा समज चुकीचा आहे. बारीक कणांच्या मातीतून मोठ्या खड्यांच्या थरात पाणी सहज उतरत नाही; माती पूर्ण संपृक्त होईपर्यंत ते थराच्या वरच अडकते, म्हणजे ओला चिखल मुळांच्या आणखी जवळ येतो. सुंदर पण बिनछिद्राची कुंडी द्यायचीच असेल, तर रोप छिद्राच्या साध्या कुंडीत ठेवून ती आत बसवावी आणि पाणी घालताना बाहेर काढावी.

तारखेचे गणित असे धरावे: विभागणी केलेल्या रोपांना द्यायच्या आधी किमान चार ते सहा आठवडे नव्या कुंडीत स्थिरावू द्यावे, कलमांना दोन ते तीन महिने द्यावेत. हवा २० ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल तर मुळे लवकर धरतात. थंडीत हाच अवधी वाढतो. देण्याआधी पानांच्या खालच्या बाजू आणि पानांच्या बेचक्या नीट तपासाव्यात. तिथे कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण समजावा, आणि असे रोप बरे होईपर्यंत देऊ नये. नाहीतर आपली भेट त्या घरातल्या इतर झाडांनाही पोचते.

जाता जाता, बाजारात हृदयाच्या आकाराचे एकच पान लहान कुंडीत लावून भेट म्हणून विकतात, ते होया नावाच्या वेलीचे असते. त्या पानासोबत खोडाचा भाग नसेल तर ते मुळे धरून वर्षानुवर्षे हिरवे राहते, परंतु त्याची वेल कधीच होत नाही. त्यापेक्षा आपले मनीप्लांटचे कलम शंभरपटींनी बरे.

शंकेखोर यांचा प्रतिसाद

चिठ्ठीतल्या वाक्याबद्दल. कृपया ते लिहू नये.

हवा शुद्ध होण्याचा दावा मुख्यतः नासाच्या १९८९च्या एका अभ्यासावर उभा आहे. तो अभ्यास खोटा नाही, पण तो लहान बंदिस्त पेट्यांमध्ये केलेला होता, जिथे हवेची ये-जा नव्हती. घरात दारे, खिडक्या आणि फटी यांतून हवा सतत बदलत असते आणि त्या बदलापुढे झाडाचे काम नगण्य ठरते. अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासणारा एक शोधनिबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या हिशेबानुसार इमारतीत एरवी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील. इतकी झाडे ठेवल्यावर माणसाला उभे राहायला जागा उरणार नाही.

रात्रीच्या प्राणवायूचा गैरसमज थोडा अधिक चिवट आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. स्नेक प्लांट रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते, हे बरोबर आहे. परंतु प्राणवायू तयार होतो तो पाण्याच्या रेणूचे विघटन होताना, आणि त्याला प्रकाश लागतो. ते काम दिवसाच होते. रात्री हे झाडही इतर झाडांप्रमाणे श्वसन करते. ‘झाडे खोलीत ठेवून झोपले तर गुदमरायला होते’ ही उलट भीतीही तितकीच निराधार आहे, कारण चार कुंड्यांचे श्वसन एका झोपलेल्या माणसाच्या तुलनेत अगदीच किरकोळ असते.

यापुढचे म्हणणे कदाचित आवडणार नाही. आपण चार भेटी ठरवल्या आहेत, पण चौघांपैकी कोणी झाड हवे असे म्हटले आहे का? वस्तू न आवडल्यास कपाटात ठेवता येते; झाड नको असले तरी त्याला पाणी घालत बसावे लागते. विशेषतः वारंवार बाहेर असणाऱ्या व्यक्तीने घरात झाड ठेवले नसेल, तर ते विचारपूर्वकही असू शकते. आधी विचारल्याने आश्चर्याचा आनंद थोडा कमी होतो, हे मान्य. तेवढे नुकसान परवडते.

नवांकुर यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मैत्रिणीला विचारले, तिला रोप हवे आहे, मात्र ‘लहान आणि एकच’ अशी तिची अट आहे. चिठ्ठीतले वाक्य रद्द केले.

प्रश्न आता मामांचाच उरला आहे. त्यांना फुलांचे झाड द्यायचे तर ते विकतच घ्यावे लागेल, आणि फॅलेनॉप्सिस ऑर्किड मनात आहे, कारण त्याची फुले दोन-तीन महिने टिकतात असे ऐकले आहे. रोज पाणी घालण्याची त्यांची सवय त्याला सोसेल का? की पाण्यातच वाढणारे काही द्यावे?

माळीबुवा यांचा प्रतिसाद

फुले तितकी टिकतात, पण मामांना हे ऑर्किड देऊ नये. निसर्गात ते झाडांच्या फांद्यांवर वाढते, त्याच्या मुळांभोवती हवा खेळती लागते आणि रोजच्या पाण्याने मुळे कुजतात. शिवाय शेवाळात घट्ट बांधून, बिनछिद्राच्या शोभेच्या कुंडीत ठेवलेले ऑर्किडच बहुधा भेट म्हणून विकले जाते, म्हणजे संकट दुप्पट. त्यांना शिकण्याची हौस असेल तर पारदर्शक कुंडीतले घेता येईल: मुळे रुपेरी करडी दिसली की पाणी, हिरवी असेपर्यंत नाही. पण ज्यांना रोज पाणी घालायचेच आहे त्यांना ‘घालू नका’ असे सांगणारी भेट देण्यात काय अर्थ?

खिडकीतली बाग यांचा प्रतिसाद

माळीबुवांशी सहमत आहे. मामांसाठी दोन पर्याय सुचवते. खिडकीत थेट ऊन येत नसेल तर पीस लिली द्यावी. तिला ओलसर माती आवडते, तहान लागली की ती पाने पाडून सांगते आणि पाणी मिळाल्यावर काही तासांत पुन्हा ताठ होते, त्यामुळे रोज लक्ष देणाऱ्या माणसाला तिच्याशी देवाणघेवाण केल्यासारखे वाटते. चांगल्या उजेडात पांढरी फुलेही येतात. तरी मातीची कुंडी आणि मोठे छिद्र ही काळजी घ्यावीच, कारण ओलसर म्हणजे सतत चिखल नव्हे. आणि मामांकडे मांजर किंवा लहान नातवंडे येत-जात असतील तर मनीमाऊची आई यांचा प्रतिसाद पुन्हा वाचावा.

खिडकीत थेट ऊन येत असेल, तर छत्रीसारख्या पानांचे सायपेरस द्यावे. ते पाणथळ जागी वाढणारे झाड आहे, बशीत कायम पाणी उभे राहिले तरी त्याला चालते, उलट कोरडे पडले तरच ते रुसते. त्याची फुले तपकिरी आणि अगदी साधी असतात, हे मामांना आधीच सांगून ठेवावे. मला विचाराल तर दोन्हींपैकी सायपेरसच अधिक निर्धोक. कितीही पाणी घातले तरी ते तक्रार करत नाही, असे घरात ठेवण्याजोगे झाड क्वचितच सापडते. शिवाय त्याच्या छत्रीचा दांडा दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कापावा, पाने निम्म्यावर छाटावीत आणि ती छत्री उलटी करून पाण्यात तरंगत ठेवावी. काही आठवड्यांत पानांच्या बेचक्यांतून मुळे आणि कोंब फुटतात. मामांना हे एकदा दाखवून ठेवा, म्हणजे पुढच्या भेटी तेच तयार करतील.